आगरकरांचे वाक्यपृथक्करण

गोपाळ गणेश आगरकर हे नाव मराठी माणसाला शाळेत भेटते आणि बहुधा शाळेतच राहून जाते. पाठ्यपुस्तकातला एखादा उतारा, त्याच्या डोक्यावर जन्म १८५६, मृत्यू १८९५ अशी ओळ, ‘थोर समाजसुधारक’ हे ठरलेले विशेषण आणि परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न, एवढ्यात त्यांचे काम आटोपते. पुढे कोणी त्यांना नास्तिक म्हणून नमस्कार करतो, कोणी नास्तिक म्हणूनच टाळतो. दोघांचीही वाचनाची दगदग मात्र वाचते.

त्यांच्या ग्रंथांच्या यादीत एक पुस्तक असे आहे की, त्याकडे त्यांच्या निबंधांचे चाहतेही क्वचितच वळतात. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे त्याचे नाव. ते १८८८ साली निघाले, आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला ‘सुधारक’ सुरू झाला. एक व्याकरणाचे पुस्तक आणि एक पुण्याची झोप उडवणारे साप्ताहिक! चरित्रकार या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या प्रकरणांत घालतात. मी खेड्यातला मास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. पण वाक्यपृथक्करण शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. म्हणून असेल, मला ही दोन्ही कामे एकाच बुद्धीची, किंबहुना एकच काम वाटतात. आगरकरांनी व्याकरणात वाक्याचे जे केले, तेच ‘सुधारका’त समजुतीचे केले. ही गोष्ट ध्यानात घेऊन त्यांचे निबंध वाचले, तर ते थोर विशेषणाखालून बाहेर येतात आणि आपल्या घरातले होतात, असे मला वाटते. प्रस्तुत लेखाचा खटाटोप एवढ्यासाठीच.

पृथक्करण म्हणजे काय, हे आपण सारे एके काळी शिकलो आहोत. वाक्य घ्यायचे, तक्ता आखायचा, उद्देश्य कोणते, विधेय कोणते, त्यांचे विस्तार कोणते, कर्म कोणते हे ज्या त्या घरात लिहायचे. आणि जो शब्द बोलला गेला नाही पण मनात गृहीत आहे, तो ‘अध्याहृत’ म्हणून शोधून काढायचा. पोरांना कंटाळा येतो तो इथेच, आणि खरी मौज आहे तीही इथेच. वडीगोद्रीत मी एकदा फळ्यावर उदाहरणादाखल ‘अमावास्या अशुभ असते’ असे वाक्य लिहिले. उद्देश्य, विधेय सुटले. मग एका मुलीने हात वर केला. “गुरुजी, लक्ष्मीपूजन तर अमावास्येलाच असतं की!” मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, “पोळाबी अमुशालाच असतो.” वर्गात गलका झाला. मी म्हटले, बाळांनो, मग या वाक्यात काहीतरी अध्याहृत आहे. अशुभ कोणाला? कशासाठी? कोणत्या कामाला? एकाने तर्क केला की, पूर्वी दिवे नव्हते, काळोखात बैलगाडी हाकायची पंचाईत, म्हणून प्रवासाला नको म्हणत असतील. तर्क खरा की खोटा हे मला ठाऊक नाही; पण त्या मुलाने एका समजुतीचे हरवलेले कारण शोधायला हात घातला, हे मला मोठे वाटले. कोणाच्या आजीचा अपमान झाला नाही, कोणाचा देव रागावला नाही. फक्त एक वाक्य उलगडून पाहिले गेले.

आगरकरांचे निबंध या नजरेने पाहावेत. ‘सोवळ्याची मीमांसा’ घ्या, ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ घ्या, नाहीतर ‘देवतोत्पत्ति’ घ्या. सुशिक्षित माणूसही ज्या गोष्टी मुकाट्याने करतो, त्यांतली एक ते उचलतात आणि तिला आडवीतिडवी तपासतात. ही गोष्ट काय आहे? ती कशातून निघाली असेल? त्या वेळी तिचा काही उपयोग होता काय? आज तो उरला आहे काय? उरला नसेल, तर आपण ती का करतो? ‘देवतोत्पत्ती’त तर त्यांनी देव ही कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली असावी याचाच माग काढला आहे. हे धाडस आज छापील पानावर साधे दिसते. पण १८९१ साली मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करण्यावरून ज्या पुण्यात रणे माजली, त्या पुण्यात बसून हे लिहायचे होते, हे विसरता कामा नये.

त्यांच्या गद्याचा विशेष मला असा दिसतो की, ते वाचकाला शरण येऊ देत नाहीत. मोठा वक्ता आपल्याला भारून टाकतो. आपण माना डोलावतो आणि घरी आल्यावर होतो तसेच राहतो. आगरकरांचे लांब, पोटवाक्यांनी भरलेले वाक्य वाचताना डोलायला जागाच मिळत नाही. ‘जर’ला ‘तर’ कुठे मिळतो ते शोधीत जावे लागते आणि शोधता शोधता आपण स्वतःच विचार करू लागतो. स्त्रियांच्या पोशाखासारख्या घरगुती विषयावर लिहितानाही हवा, शरीर, सोय आणि शोभा अशी एकेक बाजू ते वेगळी करून दाखवतात. आज्ञा करणे सोपे होते. त्यांनी कारणे मांडली.

आणि ती कारणे त्यांनी प्रथम आपल्या अंगाला लावली. कोल्हापूरच्या प्रकरणात टिळकांबरोबर १८८२ साली त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या सहवासाची आठवण ज्याला जन्मभर पुरावी, त्या माणसाने मत पटेना म्हणून १८८७ साली ‘केसरी’ सोडला. मैत्री मोडण्याचे दुःख लहान नव्हते. पण जे पटत नाही त्याखाली आपले नाव घालायचे नाही, हा हिशेब त्याहून मोठा ठरला. शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास आईला लिहिलेल्या त्यांच्या पत्राची गोष्ट सर्वश्रुत आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील, ही आशा त्यांनी आईला ठेवू दिली नाही. पुण्यातल्या सनातन्यांनी या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ‘सुधारक’ चालूच राहिला. दम्याने पोखरलेले शरीर ३९व्या वर्षी पडले, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवाधर्माच्या होत्या; त्यांच्यावर त्यांनी आपली नास्तिकता लादली नाही. काही टीकाकारांना यात दुबळेपणा दिसतो. मला यात सुसंगती दिसते. जो दुसऱ्याने लादलेले मानायला तयार नाही, तो दुसऱ्यावर कसे लादील?

इतके गुणगान झाल्यावर दोष सांगितला पाहिजे, नाहीतर हीही एक पूजाच व्हायची. आगरकरांचा तक्ता अपुरा आहे. समजूत खरी की खोटी, उपयोगी की निरुपयोगी, हे त्यात नीट लिहिलेले असते. पण तिचा खर्च कोण देतो, हे घर पुष्कळदा रिकामे राहते. त्यांचा वाचक पुण्या-मुंबईचा शिकलेला माणूस. खांद्यावर नांगर घेतलेला माणूस त्या निबंधांच्या उंबऱ्याशी क्वचितच येतो. ते घर जोतीराव फुल्यांनी आधीच भरून ठेवले होते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या घरी मूल जन्माला येण्याआधीपासून माणूस मरेपर्यंत, धर्माच्या नावाने काय काय द्यावे लागते याचा पाढाच वाचला आहे. श्रद्धेच्या वाक्यात कर्म कोण आणि लाभ कोणाला, हा प्रश्न फुल्यांचा आहे.

आणि एक घर आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या बाईने भरले. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२चे, म्हणजे ‘सुधारक’ निघण्याच्या सहा वर्षे आधीचे. सुरतेकडच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले, तेव्हा या बाईने लेखणी उचलली. तिने पुराणातल्या देवांना आणि ऋषींनाही साक्षीला उभे केले आणि विचारले की, जो दोष बाईच्या माथी मारता, तो पुरुषात नाही काय? आगरकर स्त्रियांच्या दास्याविषयी लिहितात, त्या लेखनात न्याय आहे. ताराबाईंच्या लेखनात त्याखेरीज चटका आहे, कारण तिथे वाक्यातले कर्मच उठून बोलू लागले आहे. असे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापले तेव्हा कुठे वाचकांपर्यंत पोचले. कोणते प्रश्न आपण जपून ठेवतो आणि कोणते माळ्यावर टाकतो, याचाही कधीतरी तक्ता आखायला हवा.

पुण्याची गोष्ट झाली. आता आमच्या गोदाकाठाकडे येऊ. बुद्धिवाद हे इंग्रजी शिकलेल्यांचे खूळ आहे, असे अजून पारावर ऐकू येते. पण आमच्याकडचा जुना शब्द ‘विवेक’ आहे आणि तो परका नाही. पैठण आणि जांब ही दोन्ही गावे आमच्या पंचक्रोशीच्या जराशी पलीकडची. जांबेच्या समर्थांनी ‘दासबोधा’त भोंदू गुरूंची लक्षणे सांगून ठेवली आहेत. पैठणच्या नाथांची, काशीहून आणलेले गंगेचे पाणी तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा घराघरांत सांगतात. कथेचा इतिहास काही असो; आमच्या लोकांनी ती जपली याचा अर्थ असा की, विधी आणि जीव यांत निवड करायची वेळ आली तर काय करावे, हे त्यांना कळत होते. नाथ आणि समर्थ आगरकरांच्या पंक्तीला बसतील असे मी म्हणत नाही. त्यांची श्रद्धा अढळ होती. पण श्रद्धेलाही निवडून-पाखडून घ्यावे लागते, एवढे तरी त्यांनी मान्य केले होते.

आमच्या मराठवाड्यात हे पाखडणे ज्यांनी अगदी शेवटाला नेले ते नरहर कुरुंदकर. १९३२ ते १९८२ असे जेमतेम पन्नास वर्षांचे आयुष्य. नांदेडच्या शाळेत त्यांनी मास्तरकी केली, पुढे पीपल्स कॉलेजात गेले. देव न मानणारा हा माणूस संतांवर, महाभारतावर आणि नाट्यशास्त्रावर तासन्‌तास बोले. त्यांच्या लेखनाची एक रीत आगरकरांच्या रीतीला पुरवणी म्हणून जोडावी अशी आहे. ज्या मताचे खंडन करायचे ते आधी इतके बळकट करून मांडायचे की, त्या मताच्या माणसालाही वाटावे, आपल्याला हे असे सांगता आले असते तर बरे झाले असते! मग त्यातला सांधा दाखवून द्यायचा. आगरकर पुष्कळदा प्रतिपक्षाची टर उडवतात. टर वाचताना सुधारकाला गुदगुल्या होतात. ज्याची टर उडते तो मात्र दार लावून घेतो. कुरुंदकर दार लावू देत नाहीत. ‘श्रीमान योगी’च्या प्रस्तावनेत त्यांनी शिवाजीमहाराजांविषयी लिहिले. महाराष्ट्रातला माणूस जिथे हात जोडून डोळे मिटतो, तिथे त्यांनी डोळे उघडे ठेवून राजाची कारभाराची घडी आणि रयतेशी असलेले नाते पाहिले. आणि मौज अशी की, चमत्काराचा आधार काढून घेतल्यावर राजा अधिकच उंच दिसू लागला. आपल्याला प्रिय असलेली गोष्टही तपासावी आणि तपासल्याने ती उणी होतेच असे नाही, हा धडा मी त्या प्रस्तावनेतून घेतला.

वाचकहो, हे सगळे पुस्तकी झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आता रानात जाऊ. आमच्याकडे कापूस वेचताना, उसाचे पाचट उचलताना, दगड सरकवताना विंचू डसतो. ‘मांत्रिकाने विंचू उतरवला’ हे वाक्य आमच्या तालुक्यात ज्याने ऐकले नाही असा माणूस मिळणार नाही. नाथांच्या भारुडातला विंचू कामक्रोधाचा आहे; हा मात्र खराखुरा आहे. करा या वाक्याचे पृथक्करण. उद्देश्य कोण? मांत्रिकाने उतरवला, म्हणजे त्याच्यावाचून उतरला नसता, असे अध्याहृत आहे. पण बहुतेक विंचूदंशांत नुसती कळ असते, आणि ती काही तासांत, फार तर दिवसाभरात आपोआप ओसरते. मंत्र म्हटला तरी ओसरते, गाढ झोपले तरी ओसरते. सापाचेही तसेच. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. असे वाचलेले सगळे मांत्रिकाच्या नावे जमा होतात. जे दगावतात ते नशिबाच्या खाती पडतात. दोन वह्या अशा वेगळ्या ठेवल्या की, कोणत्याही मंत्राचा हिशेब नफ्यातच निघणार! आणि नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे खरोखर डसून विष भिनले असेल, तर मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला प्रत्येक तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो. कारण त्यावर उतारा एकच, दवाखान्यातले प्रतिविष, आणि ते वेळेवर मिळाले तरच.

तांबड्या विंचवाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे विष नुसती कळ देऊन थांबत नाही. अंगाला थंड घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते. त्याने कोकणात कित्येक पोरे-माणसे गेली. यावर ज्यांनी औषध शोधले ते डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६च्या सुमारास रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नोकरीला लागले. त्यांनी मांत्रिकांना दोष देऊन आपले काम संपवले नाही. त्यांच्या हातातली डॉक्टरी पुस्तके जे उपचार सांगत होती, त्यांनीही रोगी वाचत नव्हते. पुस्तकावरची श्रद्धा हीही श्रद्धाच. बावस्करांनी रोग्यांच्या खाटेशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास यांची टिपणे ठेवली आणि त्यांवरून रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे स्वस्त औषध वापरून पाहिले. ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापले गेले. जिथे गंभीर झालेल्या शंभरांतले चाळीसच्या आसपास रोगी दगावत, तिथे पुढे ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मांत्रिक आणि हा डॉक्टर यांत फरक पदवीचा आहे असे मला वाटत नाही. वही एकच ठेवायची आणि वाचलेले व दगावलेले दोन्ही तीत लिहायचे, हा तो फरक आहे.

अशी एकच वही शाळेतही ठेवावी लागते. ‘हुशारी घराण्यात असते’ हे वाक्य शिक्षकांच्या खोल्यांतून फार चालते. ऐकायला ते अनुभवाचे बोल वाटतात, कारण शिकलेल्या घरची मुले पुढे असतात हे दिसतेच. आता हजेरीपट उघडा. दिवाळी उलटली की आमच्या भागातली कितीतरी बिऱ्हाडे उसाच्या फडावर जातात. त्यांच्याबरोबर मुले जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. निम्मे वर्ष जो वर्गात नव्हता, त्याच्या मागे पडण्याचे कारण आपण त्याच्या रक्तात शोधतो! इथे अध्याहृत आहे ती गैरहजेरी, आणि तिच्या पाठीमागे उभी आहे ती उचल. हे वाक्य सुटले नाही, तर एक पोरगे आयुष्यभर स्वतःला ‘ढ’ समजत राहते. समजुती तपासणे हा रिकामपणचा उद्योग नव्हे, असे मी म्हणतो ते यासाठी.

राहता राहिली कादंबरी, आणि तो तर माझाच धंदा. वामन मल्हार जोशी यांनी १९३० साली ‘सुशीलेचा देव’ लिहून एका स्त्रीच्या मनातली देवाची कल्पना कशी बदलत जाते, हाच कादंबरीचा विषय केला. तीत चर्चा फार, माणसे पुष्कळदा व्याख्यानांसारखी बोलतात, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. पण त्या कादंबरीचा प्रामाणिकपणा असा की, सुशीलेला विचार करायला लेखकाने वेळ दिला. तिचा देव एका रात्रीत पडत नाही आणि एका रात्रीत उभाही राहत नाही. आपल्या पुष्कळ कथा-कादंबऱ्यांत याच्या उलट घडते. नवस बोलणाऱ्या बाईला शेवटच्या प्रकरणात मूल होते. देवळाची पायरी न चढणाऱ्याला अर्धांगवायू होतो. पुरोगामी लेखकाच्या हाती भगत नेमका लबाड निघतो आणि डॉक्टर नेमका देवमाणूस. दोन्हीकडे लेखकच विधाता आणि निकाल आधी ठरलेला. जीवनात नवस फळतो, फसतो, आणि पुष्कळदा विसरलाही जातो. हे तिन्ही ज्या कादंबरीत येईल, तिला मी विवेकाची कादंबरी म्हणेन, मग तिच्यात बुद्धिवादाचा शब्दही नसो. माझ्या टेबलावरच्या हस्तलिखिताला मी हाच प्रश्न विचारत असतो: हे या माणसाचे झाले, की मी केले? नवी कादंबरी मी पाडव्याला सुरू करतो. घरात गोडधोड असते, मन प्रसन्न असते, मला ते आवडते. मात्र कादंबरी वठली तर त्याचे श्रेय मी पाडव्याला देत नाही, आणि फसली तर नक्षत्रांनाही त्रास देत नाही.

आगरकरांचे ऋण मी मानतो ते अशा अर्थाने. त्यांची सगळी मते आज कोणी घ्यावीत असे नाही. काही जुनी झाली, काही अपुरी होती, आणि मते गिळण्यासाठी त्यांनी लिहिलेही नव्हते. घ्यायची ती रीत. तिच्यात फुल्यांचा खर्चाचा प्रश्न, ताराबाईंचा चटका, कुरुंदकरांचा प्रतिपक्षाविषयीचा आदर आणि बावस्करांची एकच वही मिळवली, की आपल्या घरात वापरता येईल असा तक्ता तयार होतो. दिवाळीत घर माणसांनी भरलेले असते. आजी आहे, सासुरवाशिणी माहेरी आल्या आहेत, शहरातली नातवंडे अंगणात आहेत. दिवाळी संपली की तुळशीचे लग्न, आणि मग पत्रिका, गुण, मुहूर्त, मान-पान यांचा हंगाम. त्या वेळी घरातले एखादे पोर ‘असं का?’ म्हणून विचारील. त्याला गप्प करू नये, आणि आजीलाही हसू नये. दोघांना एकत्र बसवून ते वाक्य उलगडायला सांगावे. आजीला पुष्कळदा अध्याहृत शब्द ठाऊक असतो, फक्त तिला तो आजवर कोणी विचारलेला नसतो.